घरातलं वायफाय रखडतंय? प्लॅन वाढवण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

हॉलमध्ये नेट सुसाट चालतं आणि आतल्या खोलीत गेलं की व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठतो. ही तक्रार आमच्या सोसायटीत जवळपास प्रत्येक मजल्यावर आहे. बहुतेक जण त्यावर पहिला उपाय एकच करतात, शंभर एमबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाचा) प्लॅन दोनशेचा किंवा तीनशेचा करून घेतात. बिल वाढतं, आतल्या खोलीत मात्र काडीचाही फरक पडत नाही. कारण कंपनीकडून घरापर्यंत येणारी लाइन वेगळी आणि राउटरपासून मोबाइलपर्यंत हवेतून जाणारं वायफाय वेगळं. प्लॅन वाढवला की फक्त लाइन सुधारते. अडचण भिंतीची असेल, तर ती तिथेच राहते.

आमच्या फ्लॅटमध्ये आणि रत्नागिरीकडच्या जांभ्याच्या घरात, दोन्हीकडे मी खाली दिलेलं सगळं करून पाहिलं आहे. क्रम सोडू नका. लाइन, राउटर, हवा आणि तुमचा मोबाइल किंवा लॅपटॉप, या चारांपैकी नेमकं कोण अडवतंय हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

आधी हे जमवा

- एक-दोन मीटरची लॅन केबल, कॅट ५ई किंवा कॅट ६ (केबलच्या आवरणावर छापलेलं असतं)
- लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप. पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन कन्व्हर्टर, शेजाऱ्यांकडून मागून आणला तरी चालेल
- मोबाइलमध्ये वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप
- राउटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो. त्यावर राउटरचा पत्ता (बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), युजरनेम आणि पासवर्ड असतो
- प्लॅनचं नाव, ग्राहक क्रमांक आणि ताजं बिल
- वही-पेन. तक्रार करायची वेळ आली की या नोंदीच कामाला येतात

१. तुमचा प्लॅन नेमका कितीचा आहे ते बघा

प्लॅनवरचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड होताना दिसणारा आकडा बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये. एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साधारण १२ एमबीने उतरत असेल, तर तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय, भांडायला जाऊ नका.

दुसरी गोष्ट, ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही मर्यादा असते. बऱ्याच कंपन्यांची ती महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास आहे, ती ओलांडली की वेग एकदम खाली येतो. साध्या घरात एवढा वापर सहसा होत नाही, पण स्वस्त प्लॅनची मर्यादा कमी असू शकते. महिन्याच्या शेवटीच नेट झोपत असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये वापर किती झाला ते आधी बघा.

२. मोडेमवरचे दिवे वाचा

फायबरच्या मोडेमवर (कंपनीने बसवलेला डबा, बऱ्याच घरांत राउटरही त्यातच असतो) दोन दिवे महत्त्वाचे. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’ लिहिलेला दिवा विझलेला हवा. लॉस लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. तेव्हा राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, थेट तक्रार नोंदवा.

फोन करण्याआधी मोडेममध्ये शिरणारी ती बारीक वायर एकदा नजरेखालून घाला. सोफ्याखाली दबली आहे का, दाराच्या फटीत चेपली आहे का, काटकोनात वळवून खिळ्याला अडकवली आहे का? फायबरच्या आत काच असते. तीव्र वळणात प्रकाश बाहेर निसटतो, त्यामुळे वेटोळं मोठंच ठेवा. वायरचं टोक उघडून डोळ्यासमोर धरू नका. आतला लेझर दिसत नाही, तरी डोळ्याला अपाय करू शकतो. घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा.

३. तारेने तपासा

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हीच सगळे टाळतात.

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर चाचणी वायफायचीच व्हायची. घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकायला सांगा, टीव्ही बंद करा. मग स्पीड टेस्ट लावा. ती सकाळी लवकर एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा करा, आकडे वहीत लिहा.

आता निकाल असा वाचा.

तारेवर प्लॅनइतका किंवा त्याच्या जवळपास वेग आला, तर लाइन निर्दोष आहे. कंपनीला फोन करू नका, पुढच्या पायरीवर जा.

प्लॅन दोनशेचा-तीनशेचा आणि तारेवर आकडा ९० ते ९५ वर येऊन अडकतोय, जागचा हलतच नाही? मग लाइन नाही, पोर्ट किंवा केबल दोषी आहे. स्वस्तातल्या कित्येक राउटरचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, त्यावर तीनशेचा प्लॅन घेणं म्हणजे फुकट पैसे भरणं. केबलचंही तसंच. पूर्ण वेगासाठी आतल्या आठही तारा जोडलेल्या लागतात. क्लिपमधली निळी किंवा तपकिरी तार निखळली तरी नेट बंद पडत नाही, दोन्हीकडची यंत्रं निमूटपणे १०० वर उतरतात. क्लिप उजेडात धरून बघितली तर आठ रंगीत तारांची टोकं स्पष्ट दिसतात. तपकिरी किंवा निळी तार पुढपर्यंत पोचलेली नसेल तर तिथेच दोष सापडला. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ १०० दिसतो की १०००, यावरून खात्री करून घ्या.

तारेवरही वेग अर्धा किंवा कधी इतका, कधी तितका येत असेल, तर दोष लाइनचा. लाइनमन आला की त्याला ‘पॉवरचं रीडिंग किती येतंय?’ असं विचारा. मीटर त्याच्याकडे असतो. घरगुती फायबरवर उणे १५ ते उणे २५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) हे रीडिंग ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेलं की लाइन तुटक चालते. कोकणात पावसाळ्यात गच्चीवरच्या किंवा खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी जातं, माकडं वायर ओढतात, उंदीर कुरतडतात. अशा वेळी जॉइंट नव्याने मारून घ्यावा लागतो. लाइनमन नुसता मोडेम बदलून निघाला तर त्याला अडवा आणि नवं रीडिंग दाखवायला सांगा.

सकाळी वेग पूर्ण आणि रात्री आठ ते अकरा तारेवरही रांगतंय, असं असेल तर तुमच्या भागातल्या ग्राहकांना वाटून येणारी मुख्य क्षमताच कमी पडते आहे. घरात काहीही बदलून हे सुधारत नाही. थेट शेवटच्या पायरीवर जा.

४. पिंग लावून बघा

वेग चांगला दिसतो, तरी कॉलवर आवाज तुटतो, असंही होतं. तेव्हा आकड्यापेक्षा उशीर मोजावा लागतो, म्हणजे साद घातल्यावर उत्तर यायला लागणारा वेळ. पिंग तेच मोजतं.

विंडोजवर ‘सीएमडी’ (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा. इंग्रजीत पिंग, मग मोकळी जागा, राउटरचा पत्ता, पुन्हा मोकळी जागा, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून टी, असं टाइप करा. एकेका ओळीत मिलिसेकंद येत राहतील. वायफायवर राउटर शेजारी असताना हा आकडा साधारण १ ते ५ असतो. लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जा. आकडा १००-२०० वर उड्या मारायला लागला किंवा ‘टाइम्ड आउट’ येऊ लागलं, तर गडबड घरातल्या हवेतच आहे, कंपनीचा काही संबंध नाही. राउटरपर्यंत सगळं स्थिर आहे, पण तेच ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला लावल्यावर उड्या दिसतात, तर अडचण राउटरच्या पलीकडे, लाइनमध्ये.

एक सापळा इथे लक्षात ठेवा. मोबाइल चार्जिंगला लावला की फोटोंचा बॅकअप आपोआप सुरू होतो, घरात क्लाउडवर रेकॉर्डिंग करणारे कॅमेरे असतील तर ते दिवसरात्र अपलोड करत असतात. अपलोड भरून गेलं की डाउनलोड मोकळं असूनही कॉल अडखळतात. रविवारी सकाळी परदेशातल्या मुलांशी बोलायच्या वेळीच नेमकं असं होत असेल, तर बॅकअपची वेळ रात्रीची करून बघा.

५. घरभर फिरून रेंज मोजा

मोबाइलवरच्या काड्या बघून निर्णय घेऊ नका. त्या फार ढोबळ असतात. ॲनालायझर ॲप उघडा (अँड्रॉइडवर त्यासाठी लोकेशन चालू ठेवावं लागतं, आयफोनवर ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटीमध्ये स्कॅनर आहे, तो सेटिंगमधून चालू करावा लागतो) आणि तुमच्या वायफायच्या नावासमोरचा उणे आकडा बघा. शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला.

उणे ५० च्या आसपास उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो. उणे ७५ ला रडतखडत. उणे ८० च्या खाली नुसतं कनेक्ट झाल्याचं दिसतं, काम होत नाही.

जिथे तुम्ही खरोखर बसता, तिथेच मोजा. आमच्या फ्लॅटमध्ये हॉलमध्ये उणे ४५ येतं, बेडरूमच्या दारात उणे ६२. त्याच बेडरूममध्ये लोखंडी कपाटाच्या आडच्या टेबलावर उणे ७९ यायचं. दार ते टेबल अंतर जेमतेम आठ फूट. हा आकडा दहाने उतरला की शक्ती दहाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे त्या आठ फुटांत सिग्नल पन्नासाव्या भागावर आला होता. टेबल कपाटाच्या दुसऱ्या बाजूला सरकवलं, बाकी काही केलं नाही, आणि तिथलं वायफाय नीट झालं.

लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा, पाण्याने भरलेली टाकी, मत्स्यालय, आरसीसीची भिंत आणि बीम, हे मोठे अडथळे. आपल्या जुन्या घरांच्या दगडी आणि जांभ्याच्या भिंती तर दीड-दीड फूट जाड. पाणी या लहरी शोषतं, त्यामुळे ओल धरलेली भिंत आणखी वाईट. प्लायवूडचं दार किंवा पार्टिशन मात्र फारसं आड येत नाही.

६. राउटरची जागा बदला

कनेक्शन द्यायला येणारा मुलगा वायर जिथून घरात शिरते तिथेच मोडेम ठोकतो. दाराजवळ, चपलांच्या कपाटावर, फार तर टीव्हीच्या मागे. त्याचं काम लवकर आटपतं आणि तुमचं अर्धं वायफाय जिन्यात आणि शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये वाया जातं. इथे भिडस्तपणा करू नका. फायबर दहा-पंधरा मीटर आत वाढवलं तरी वेगाला धक्का लागत नाही, म्हणून घराच्या मधोमध, पॅसेजच्या आसपास जागा दाखवा आणि तिथपर्यंत वायर ओढून घ्या. थोडे जास्तीचे पैसे मागितले तर द्या, या सगळ्या प्रकारातला हा सर्वात सत्कारणी लागणारा खर्च आहे.

वायर आत नेणं शक्यच नसेल तर मोडेम दाराशी राहू द्या आणि तिथून लॅन केबलने दुसरा राउटर मध्यभागी बसवा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, फ्लॅटमध्ये ती मर्यादा गाठण्याचा प्रश्नच नाही.

उंची खांद्याच्या वर असावी. शोकेसच्या काचेआड, टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नका. वर क्रोशाचा रुमाल घालायची हौस असेल तर ती दुसऱ्या कशावर तरी भागवा, राउटर तापला की अडखळतो. अँटेना सरळ उभे ठेवले की सिग्नल आडवा पसरतो, म्हणजे त्याच मजल्यावर. बंगला दुमजली असेल तर एक अँटेना आडवा करून बघा आणि पुन्हा आकडे मोजा.

७. २.४ की ५?

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतून बरी शिरते, पण तिचा वेग कमी आणि तिथे गर्दी फार. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच काम करतो. फ्लॅटच्या इमारतीत या पट्टीवर २० ते ४० एमबीपीएस मिळाले तरी समाधान माना. ५ गिगाहर्ट्झवर शेकड्यांत वेग मिळतो, पण दोन भिंती मध्ये आल्या की तो ढेपाळतो.

म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना निदान काही दिवस वेगवेगळी नावं द्या. एकच नाव असलं की मोबाइल बऱ्याचदा २.४ ला चिकटून बसतो आणि तुम्हाला कळतही नाही. हॉलमधला टीव्ही, लॅपटॉप, रोजचे मोबाइल ५ वर टाका. गिझरचं स्मार्ट प्लग, कॅमेरा, दाराची बेल यांना बहुधा २.४ च चालतं.

राउटरवर ५ ची पट्टी नसेलच तर तो बदलण्याची वेळ झाली आहे. प्लॅन शंभरचा असो की पाचशेचा, अशा राउटरवर मोबाइलला फरक दिसणार नाही.

८. चॅनेल निवडा

प्रत्येक पट्टी चॅनेलमध्ये, म्हणजे मार्गिकांमध्ये, विभागलेली असते. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ॲपमध्ये शेजाऱ्यांच्या वायफायचे डोंगरासारखे आलेख दिसतील. या तिघांपैकी ज्या चॅनेलवर सगळ्यात कमी आणि कमजोर डोंगर असतील, तो घ्या. ‘३ मोकळा दिसतोय’ म्हणून ३ घेऊ नका. तो १ आणि ६ दोघांवर पसरतो, तुमचंही बिघडतं आणि शेजाऱ्यांचंही. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० केली की गर्दीत वेग वाढायच्या ऐवजी घटतो.

५ वर जागा भरपूर असते, तिथे ‘ऑटो’ चालेल. एखाद्या जुन्या मोबाइलला ५ चं नावच दिसत नसेल तर चॅनेल ३६ किंवा १४९ देऊन बघा. मधले काही चॅनेल सगळ्या उपकरणांना दिसत नाहीत.

मोडेमच्या जोडीला स्वतःचा राउटर लावला असेल तर मोडेमचं वायफाय बंद करा. एकाच घरात दोन यंत्रं एकमेकांवर ओरडत बसलेली मी वरचेवर पाहतो.

सेटिंगमध्ये गेलाच आहात तर सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ करा. जुना टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी पर्याय ठेवला की वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो. राउटरचा मूळ पासवर्डही बदला.

९. ॲडॉप्टर तपासा

राउटर दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतो आणि सगळे कंपनीच्या नावाने खडे फोडतात. कित्येकदा दोष त्या काळ्या ॲडॉप्टरचा असतो. विजेच्या चढ-उतारांनी तो अशक्त होतो. बदलताना व्होल्ट अगदी तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, हे ॲडॉप्टरवर वाचून घ्या. बारा व्होल्टच्या जागी नऊचा किंवा वीसचा चालवू नका. वारंवार लाइट जाणाऱ्या गावात राउटरसाठीचा छोटा यूपीएस जरूर घ्या.

१०. तरीही आतली खोली कोरडीच राहिली तर

पहिला पर्याय तार. भिंतीतल्या कन्सील्ड पाइपमधून किंवा स्कर्टिंगच्या कडेने लॅन केबल आत न्या आणि तिथे दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ (तारेने आलेलं नेट वायफायने पसरवणारा) म्हणून लावा. जांभ्याच्या घरात आम्ही हेच केलं. तिथे दुसरं काहीच टिकलं नसतं.

दुसरा पर्याय मेश, म्हणजे एकाच नावाचं वायफाय घरभर देणारे, एकमेकांना जोडलेले डबे. महाग आहे, पण तारेने जोडता आला तर फार चांगला. बिनतारी जोडायचा तर दुसरा डबा जिथे मुख्य राउटरची रेंज उणे ६५ च्या आत आहे अशा जागी ठेवा.

तिसरा, प्लगमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर. माझं मत स्पष्ट आहे, नाइलाज असेल तरच घ्या. एकच रेडिओ असलेला रिपीटर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यात वेग निम्म्यावर येतो. आणि लोक तो नेमका मृत कोपऱ्यातच लावतात. तिथे त्यालाच नीट ऐकू येत नाही, तर तो पुढे काय देणार? अर्ध्या वाटेवर लावा.

टीव्हीबद्दल एक. त्याच्या लॅन पोर्टचा वेग बहुतेकदा १०० असतो. चित्रपट बघायला तो पुरतो आणि वायफायवरचा भार हलका होतो, त्यामुळे टीव्हीला तार लावाच.

११. दोष कंपनीचाच निघाला तर

तारेवरच्या चाचण्यांचे तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट जोडून तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ‘वायफाय स्लो आहे’ म्हणालात की तुम्हाला राउटर रीस्टार्ट करायला सांगतील. ‘लॅन केबलवर २०० च्या प्लॅनला रात्री ९ वाजता ४० येतायत’ असं सांगा.

तोडगा निघाला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, त्याला शुल्क नाही. ट्राय (दूरसंचार नियामक) एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे लिहून वेळ घालवू नका. पुढचा मार्ग दूरसंचार विभागाची सार्वजनिक तक्रार यंत्रणा, केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरून. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

कंपनीच बदलायची ठरवलीत तर त्याच इमारतीत त्या कंपनीचं कनेक्शन असलेल्या घरी रात्री नऊला तारेवर चाचणी करून बघा, जाहिरात बघून ठरवू नका. नवीन लाइन आठवडाभर रात्रीच्या वेळी पारखून मगच जुनी बंद करा. आणि जुना मोडेम परत देताना त्यावरचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या, ती नसली की अनामत रक्कम अडकते.